अडीच सूत

काचेची ऑर्डर त्या दिवशी संध्याकाळी जायची होती. पन्नास तावदानं, सगळी टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार करून मजबूत केलेली. एकदा टफन केली की काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं तर ती काच गेलीच. म्हणून ऑर्डरीच्या आधी मी उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून निघून खानापूर रोडवरच्या साईटवर गेले. मे संपत आला होता. मालकांना पहिल्या मोठ्या पावसाआधी दर्शनी बाजू बंद हवी होती, आणि बेळगावचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला त्यांची घाई समजेल.

इमारत मंगल कार्यालयाची. दर्शनी बाजू बारा मीटर रुंद, साडेसात मीटर उंच, रस्त्याकडे धनुष्यासारखी बाहेर आलेली आणि वर जाताना पोट काढलेली. ड्रॉइंग बाहेरगावच्या सल्लागारांकडून आलं होतं. खालच्या कमानीची त्रिज्या १४ मीटर, वरच्या कमानीची १२ आणि मधला पृष्ठभाग कॉम्प्युटरने दोन्हींना जोडून काढलेला. उभे दहा पट्टे, आडव्या पाच ओळी. मी ब्रॅकेट तपासले होते, पाईपांची जाडी तपासली होती, वाऱ्याचा भार काढला होता. प्रत्येक चौकोन सपाट आहे का, हे मात्र तपासलं नव्हतं. स्क्रीनवर सगळं गुळगुळीत दिसत होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. ही चूक माझी.

मिस्त्रीमामांनी १९ मिलिमीटर प्लायचे फर्मे, म्हणजे तावदानांच्या मापाचे नमुने, कापून ते मधून बसवायला सुरुवात केली होती. मी पोचले तेव्हा ते परांचीवरून उतरत होते.

"ताई, मधले सगळे चोख बसले की. कडेला गेलं की एक कान वर करतोय बघा. दाबून स्क्रू मारू काय?"

वेल्डर गोकाकचा, कन्नड बोलणारा. त्याला वाटलं, बोट त्याच्याकडे वळणार. "फ्रेम सरी इदे, मेडम," फ्रेम बरोबर आहे, असं त्याने आधीच सांगून टाकलं. आम्ही ओळंबा सोडला, पाण्याच्या नळीने लेव्हल पाहिली, पाईपांची अंतरं मोजली. फ्रेम खरंच ठीक होती. ड्रॉइंगप्रमाणे एक मिलिमीटरही इकडेतिकडे नाही.

मग मामांनीच कडेच्या चौकोनावर लाईनदोरी बांधली. एक दोरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत. चौकट सपाट असेल तर दोन्ही दोऱ्या मध्ये एकमेकींना टेकतात. इथे टेकत नव्हत्या. मी खाली वाकून दोन दोऱ्यांच्या मध्ये पट्टी धरली. अडीच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा साधारण आठ मिलिमीटर. दोऱ्यांमधलं अंतर कोपऱ्याच्या उचलीच्या निम्मं असतं, म्हणजे काचेचा कान पाच सूत वर. मामांना हे चौरंगावरून लगेच कळलं. तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चौरंगाचा मात्र एक पाय अधांतरी राहू शकतो.

दाबून बसवायचं म्हटलं तर काच वाकवून बसवायची पद्धत आहे. पण तिचा हिशेब आधी होतो, काच आणि सिलिकॉन त्या ताणासाठी निवडतात. आठ मिलिमीटर जाडीची टफन काच स्क्रूने ओढून पाच सूत खाली आणायची म्हणजे तो ताण कायमचा एका कोपऱ्यात कोंडून ठेवायचा. खाली लग्नातली मुलं खेळणार. मी नाही म्हटलं.

परांचीच्या सावलीत बसून मी आकडे मांडले. कमानीच्या मध्यावर वरची आणि खालची दिशा एकच, म्हणून मधले फर्मे बसले. कडेला जावं तसा १२च्या कमानीचा कल १४च्या कमानीपेक्षा जास्त वळतो. तावदानाची वरची कड एका दिशेला, खालची दुसऱ्या. कडेला पीळ जास्तीत जास्त. दोरीने जे दाखवलं तेच आकड्यांत आलं: शेवटच्या पट्ट्यात साधारण १५ मिलिमीटर.

पहिला विचार त्रिकोणांचा आला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या अंगणावरचं छत असंच आहे, ३३१२ त्रिकोणी काचा, आणि त्रिकोण कधी पिळत नाही. पण आमच्याकडे पन्नासाच्या शंभर काचा होणार, सांधे वाढणार, आणि इथल्या पावसात प्रत्येक जास्तीचा सांधा म्हणजे गळतीची एक जास्तीची जागा. तो विचार सोडला.

मग सुचलं की कमान बदलत न्यायचीच कशाला. सगळ्या पातळ्यांवर एकच कमान, १४ मीटरची. ती पोटाच्या रेषेवरून जशीच्या तशी सरकवत वर न्यायची, जरासुद्धा न फिरवता. अशा पृष्ठभागातल्या प्रत्येक चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर आणि सारख्या येतात, आणि समांतर बाजूंचा चौकोन सपाट असतोच. काच कितीही कडेला असो. पोटही राहतं, धनुष्यही राहतं. मी कागदाची पट्टी वाकवून कडेकडेने सरकवून दाखवली, तसा वेल्डर पहिल्यांदा हसला.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी आठवली. जैन मंदिर, १२०४चं, रट्ट राजांच्या काळातलं. त्याच्या छताचं दगडी कमळ मी लहानपणापासून मान वर करून पाहत आलेय. दगड छिन्नीपुढे हवा तसा वळतो. काच सपाट येते, म्हणून वळण आधी बाजूंच्या मापांत बसवावं लागतं.

फुकट मात्र काही नव्हतं. वरच्या ओळीत कडेचे ब्रॅकेट जवळजवळ २० सेंटिमीटर लांब होणार होते. हात लांबला की भिंतीतल्या अँकर बोल्टवरचा भार वाढतो, म्हणून तिथल्या प्लेटा जाड कराव्या लागल्या. वेल्डरला त्याच दिवशी सोळा ब्रॅकेट उतरवायला सांगताना मला फार वाईट वाटलं. त्याचं काम निर्दोष होतं. त्याने एकच विचारलं, नव्या ब्रॅकेटची मापं आजच मिळतील ना. मिळाली, रात्री आठला.

मामांचं दुखणं वेगळं. नव्या मापाचा कडेचा फर्मा त्यांनी कापला आणि काटकोन पाहायला गुण्या लावला. "हे गुण्यात न्हाई ताई. साडेपाच सेंटिमीटर बाहेर." पोट पुढे येतं आणि कमान कडेला मागे वळते, म्हणून कडेचे चौकोन काटकोनी राहत नाहीत. सपाट मात्र राहतात. आयुष्यभर गुण्यावर काम केलेल्या माणसाला हे गळी उतरवायला वेळ लागला. शेवटी त्यांनी पुन्हा दोन दोऱ्या बांधल्या, मध्ये बोट फिरवलं आणि काही न बोलता फर्म्यावर पेन्सिलीने नंबर टाकला.

ऑर्डर रात्री साडेदहाला गेली. डावी-उजवी जोडी धरून पंचवीस आकार, प्रत्येकावर चार बाजू आणि दोन कर्ण. सकाळी काचेच्या कारखान्यातून फोन आला. कोपऱ्यातल्या खालच्या तावदानाचे कर्ण १९६१ आणि १८९१ लिहिलेत, ७० मिलिमीटरचा फरक आहे, टायपिंगची चूक आहे का?

"चूक नाही," मी म्हटलं. "तसंच कापा."