उसन्या पोरांचे सर

कोल्हापुरात एखादा मुलगा फुटबॉल खेळतो असे कळले, की तो कोणत्या कॉलेजात शिकतो हे कोणी विचारत नाही. कोणत्या तालमीकडून खेळतो, हे मात्र लगेच विचारले जाते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे ऐकून परगावच्या माणसाला ती कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, आणि त्यात त्याचे फारसे चुकतही नाही, कारण पेठेतली पोरे जिथे अंगाला माती लावायला जमत, त्याच तालमींच्या नावाने पुढे फुटबॉलचे संघ उभे राहिले. साहजिकच मुलगा कॉलेजात नाव घालतो तेव्हा त्याचे मन आधीच कुठेतरी वाहिलेले असते. आमचे जिमखान्याचे सर असल्या आधीच वाहिलेल्या पोरांचा संघ जवळजवळ तीस वर्षे बांधत राहिले. ते स्वतः त्यांना ‘उसनी पोरं’ म्हणत.

सरांचे नाव इथे लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. ते स्वतः पेठेतल्या संघाचे हाफबॅक होते. गुडघा गेल्यावर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एन.आय.एस.) प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून लागले. हे पद बाहेरून वाटते तसे नसते. कबड्डीचा संघ, अ‍ॅथलेटिक्सची निवड, वार्षिक क्रीडा महोत्सवाचा मांडव, परीक्षेतले सुपरव्हिजन आणि प्रवासभत्त्याच्या पावत्या हे सारे एकाच माणसाच्या गळ्यात असते, आणि त्यातून उरलेल्या वेळात त्याने फुटबॉल शिकवायचा असतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलविषयी मी अलीकडे बरेच वाचले. तिथला खेळ वेगळाच, चेंडूही लांबट. पण अलाबामा विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देऊन २०२४ मध्ये निवृत्त झालेले प्रशिक्षक निक सेबन, किंवा अनेक राज्यांत सरकारी पगारदारांमध्ये सर्वांत जास्त पगार फुटबॉलच्या प्रशिक्षकाचाच असतो ही गोष्ट, हे वाचताना मला आमच्या सरांची सायकल आठवत होती. तिच्या मागच्या कॅरिअरला चेंडूंची जाळी बांधलेली असे.

सराव पहाटे सहाला असे, आणि त्याचे कारण शिस्त हे नव्हते. संध्याकाळ तालमीची होती, ती मागण्याचा अधिकार कॉलेजला नव्हता, हे सरांनी पहिल्याच वर्षी ओळखले होते. तालमीकडे मानधन होते, पेठेतला मान होता, शाहू स्टेडियमवर हजारोंचा आवाज होता. कॉलेजकडे ट्रॅकसूट, प्रवासभत्ता आणि झालाच तर विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान. शिवाय कॉलेजच्या सामन्यात कोणाचा पाय मुरगळला, तर पेठेतले कार्यकर्ते गेटवर जाब विचारायला येत. असा एक प्रसंग मी पाहिला आहे. सर त्यांच्याशी भांडले नाहीत. त्यांना आत बोलावून चहा दिला, पोराचा एक्स-रे दाखवला आणि किती आठवडे विश्रांती लागेल ते कागदावर लिहून दिले.

त्यांचे दोनच नियम होते. तालमीची जर्सी घालून सरावाला यायचे नाही, हा पहिला. दुसरा नियम प्रवासाचा होता. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेसाठी सांगलीला किंवा साताऱ्याला जाताना ज्या दोन पेठांचे आपसात पटत नाही, त्यांच्या पोरांनी शेजारी बसायचे आणि मुक्कामाच्या खोलीतही एकत्र राहायचे. मी राईट बॅक होतो, आणि माझ्या खोलीत जो विंगर आला त्याने मागच्याच हंगामात स्टेडियमवर मला दोनदा चकवून गोल घडवला होता. पहिली रात्र आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या रात्री त्याने, मी कोणत्या पायावर वजन टाकतो हे तो कसे ओळखतो, ते मला सांगितले. त्या एका रात्री जे शिकलो ते मला कोणत्याही शिबिरात मिळाले नाही, आणि सरांनी खोल्यांची यादी किती विचार करून केली होती हे मला फार उशिरा उमगले.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला चेंडू पायात ठेवून दोघा-तिघांना चकवणारा खेळाडू प्रिय असतो, त्यामुळे आमच्या पोरांना पास द्यायचा म्हणजे हातातला घास देण्यासारखे वाटे. सर त्यावर ओरडत नसत. ते सात-सात जणांचा सामना लावत आणि कोणीही चेंडूला दोनपेक्षा जास्त स्पर्श केला की फ्री किक देत. पहिला आठवडा शिव्याशापांत जाई. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरे चेंडू पायात येण्याआधी मान वळवून बघायला लागलेली असत.

पाऊस लागून राहिला की सर जिमखान्यात बसवून सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी सांगत. हैदराबादचे रहीम हे पेशाने शिक्षक, म्हणून सरांना ते घरचेच वाटत असावेत. १९५० पासून भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे होते. १९५१ चे आशियाई सुवर्ण आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक सर एका वाक्यात सांगून टाकत, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेवर मात्र अर्धा तास घालवत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला. पुढे बचावपटू जर्नेल सिंगांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. त्यांना बाहेर न बसवता रहीम यांनी पुढे आघाडीला आणले, आणि अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला तेव्हा एक गोल पी. के. बॅनर्जींचा होता, दुसरा जर्नेल सिंगांचा. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. सरांना या गोष्टीतला त्याग सांगायचा नसे. फळ्यावर खडूने अकरा टिंबे काढून ते विचारत, ‘बॅक पुढे गेला, तर मागची जागा कोणी भरायची?’ आम्ही भावुक होऊन बसलेले असू, आणि उत्तर कोणालाच येत नसे.

सरांच्या नावावर मोठा चषक नाही. कॉलेजला विभागीय विजेतेपदे मिळाली, काही पोरांना विद्यापीठाचा कलर मिळाला, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला काहीजण जाऊन आले. त्यातल्या काहींना खेळाच्या जोरावर नोकरीही लागली. पण त्यांचे सत्कार झाले ते पेठेत, आणि फलकावर छापले गेले ते तालमीचे नाव. याचे मला वाईट वाटते. सरांना वाटते की नाही, हे त्यांच्या तोंडून कधी काढता आले नाही.

गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर एका सामन्याला ते भेटले. दोन्ही संघांचे समर्थक आपापल्या बाजूला ठाण मांडून होते, आणि सर मधल्या पट्ट्यात एकटेच बसले होते, कारण दोन्ही बाजूंना त्यांची पोरे खेळत होती. उत्तरार्धात गोल झाला, अर्धे स्टेडियम उभे राहिले. सर बसूनच होते. मी विचारले, ‘सर, गोल आवडला नाही का?’

ते मैदानावरची नजर न काढता म्हणाले, ‘लेफ्ट बॅक आत सरकला नाही बघ. तीन वर्षं सांगत होतो त्याला.’