आमची वाटचाल : रंगाचा डबा उघडण्याआधी

मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठी आमची शेड आहे. फायबरच्या होड्यांची दुरुस्ती आणि फिनिशिंग हे आमचं काम. मच्छीमारांच्या होड्या, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी, स्कूबावाल्यांच्या बोटी, क्वचित गोव्याहून आलेली एखाद्या हौशी मालकाची स्पीडबोट. मालक शेडमध्ये येतो तो बहुधा ठरवूनच आलेला असतो : "रंग मारून द्या." त्यातल्या बऱ्याच जणांना आम्ही रंगाच्या डब्याचं झाकणही न उघडता होडी चकचकीत करून परत देतो. आमचा धंदा वाढला तो यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

माझे वडील लाकडी होड्यांचे सुतार. साग, ऐन, फणस. फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ, वरून तेलाचा हात. लाकडाला दरवर्षी काही ना काही पाजावंच लागतं, नाहीतर ते भेगाळतं. किनाऱ्यावर फायबर आलं तेव्हा लोकांनी हीच सवय फायबरलाही लावली. नारळी पौर्णिमा जवळ आली की हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंट आणायचा आणि होडीवर चढवायचा. हे सगळं होडीवरच्या मायेपोटीच. पण पुढच्या वर्षी त्या पेंटला पोपडे सुटतात, ते खरवडताना खालचा चांगला थरही ओरबाडला जातो, आणि मग पुन्हा पेंट. एकदा या चक्रात शिरलेली होडी सहसा बाहेर येत नाही.

फायबरचा रंग कुठून येतो हे मी गोव्यात शिकलो, बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यात. तिथे साच्याला आतून वॅक्स लावायचं, त्यावर जेलकोट मारायचा, म्हणजे रंग कालवलेलं पॉलिएस्टर रेझिन, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो धरला की मागून मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, आणि रेझिनचे थर. फायबरच्या होडीत आधी रंग तयार होतो, होडी त्याच्या मागून. हा रंग वरून चढवलेला नसतो, ती होडीची कातडीच असते. उन्हाने आणि खाऱ्या हवेने तिचा वरचा अगदी पातळ पापुद्रा भुसभुशीत होतो. हात फिरवला की पांढरी पूड लागते, आणि मालकाला वाटतं रंग गेला. बहुतेक वेळा तो त्या पुडीखाली शाबूत असतो.

२०११ साली भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सुरुवात केली. माझ्यासोबत चुलत भाऊ, एक जुनं बफिंग मशीन आणि गोव्यात शिकलेलं काम. तेव्हापासून एक रिवाज आजतागायत पाळतो : भाव सांगण्याआधी मालकासमोर चौकट काढायची. होडीची जी बाजू सगळ्यात जास्त ऊन खाते, तिथे मास्किंग टेपने फूटभर लांबीरुंदीची चौकट आखतो. साबणाने धुतो. मग ॲसिटोनच्या फडक्याने पुसतो, आणि हे घासण्याच्या आधीच, कारण जुनं वॅक्स वर असताना घासायचा पेपर मारला तर ते चरांमध्ये जाऊन बसतं. मग नुसतं पाणी शिंपडतो. ओला झाल्यावर रंग गडद दिसला तर समजायचं, जीव आहे. त्यानंतर पाण्याचा पेपर, आधी आठशे नंबरचा, मग हजार, मग पंधराशे, म्हणजे अधिकाधिक बारीक. पेपराखालून रंगीत दूध वाहायला लागतं. ते पुसून लोकरीच्या पॅडने कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी घासपेस्ट, शेवटी वॅक्स.

डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एका बोटीचे मालक, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, चौकटीसाठी थांबायलाच तयार नव्हते. "रंगच मारूचो हा, उगाच घासत बसू नको." भावाने तरी चौकट काढली. निळा रंग, वरून पार राखाडी झालेला. टेप काढली तेव्हा त्या फूटभर जागेत समोरचे माड स्पष्ट दिसत होते, झावळ्यांसकट. तात्या बराच वेळ बोटं फिरवत राहिले आणि म्हणाले, "ह्यो माझोच रंग?" त्या बोटीला रंग मारला नाही. पुढे देवबागातल्या बोटवाल्यांमध्ये आमचं नाव झालं ते तात्यांच्या तोंडून.

चौकट दर वेळी हो म्हणत नाही. घासता घासता मॅटचे धागे डोकावायला लागले, की जेलकोट संपला. तिथे पुढे घासणं म्हणजे होडीचं नुकसान. काही लाल रंग आतपर्यंत विटलेले असतात, ओले केले तरी उठत नाहीत. कोळिष्टकासारख्या बारीक चिरा असतील तर त्यावर पॉलिश मारून त्या फक्त उठून दिसतात. दोर बांधायच्या खुंट्याभोवती चांदणीच्या आकाराच्या चिरा असल्या तर रंगाचा विचारच पुढे ढकलायचा, कारण तिथे खालचं फायबर लवतंय. आधी आतून मॅट टाकून ती जागा कडक करायची, चिरा कोरून भरायच्या, मग वरचं बघायचं. प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे टकटक करून पाहतो. आवाज बोदा आला तर थर सुटलेत. असली होडी चकचकीत करून देणं मला पटत नाही, मालकाने आग्रह केला तरी.

उलटी चूकही होते. खाडीत उभ्या राहणाऱ्या बोटींच्या पाणरेषेवर तपकिरी पट्टा चढतो, आणि तो बघून लोक रंगाची गोष्ट काढतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्याने, हातमोजे घालून, तो निघतो. त्याला ना पेपर लागतो ना पेंट.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने आमचं काम बदललं. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, नाळी, म्हणजे पुढची टोकं, फुटल्या होत्या, कडा उखडल्या होत्या. लोकांना हंगाम गाठायचा होता, म्हणून मिळेल त्याच्याकडून, मिळेल त्या मालाने दुरुस्त्या झाल्या. त्या होड्या पुढची दोन-तीन वर्षं आमच्याकडे येत राहिल्या. तेव्हापासून चौकटीआधी एक प्रश्न विचारतो : दुरुस्ती कशाने केली होती, पॉलिएस्टरने की इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनने? इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने धरत नाही. तिथे इपॉक्सी प्रायमर आणि वर पेंट हाच मार्ग. ठिकठिकाणी इपॉक्सीची ठिगळं असलेली होडी आम्ही सरळ पूर्ण रंगाला घेतो.

आता रंगाबद्दल. आम्ही दोन भागांचा पॉलियुरेथेन वापरतो, रंग वेगळा आणि तो घट्ट करणारा हार्डनर वेगळा. चकाकी उत्तम, टिकतोही. पण तो चढवण्याआधीची तयारी हेच खरं काम. धुतलेल्या पृष्ठभागावर पाणी ओततो. ते सलग पसरलं तर ठीक, थेंब होऊन उभं राहिलं तर मेण अजून आहे. मोटारीच्या डॅशबोर्डसाठीचं सिलिकॉनवालं पॉलिश कोणी होडीला फासलं असेल तर पेंटमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, म्हणून तेही विचारून घेतो. जुना ऑइल पेंट काढायला पेंट रिमूव्हर आम्ही वापरत नाही. तो जेलकोटलाही खातो. खरवडणी आणि पेपर, वेळ गेला तरी चालेल.

या रंगाचा स्प्रे आम्ही मारत नाही. हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासात गेले तर माणसाला कायमचा दमा लागू शकतो. साध्या मास्कने भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. आमच्या शेडमध्ये ती व्यवस्था नाही. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून मऊ ब्रशची टोकं हलकेच ओढायची, हीच आमची पद्धत. तरीही गाळणीचे मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा यांत सूट नाही. भावाचा हात ब्रशवर असला तर स्प्रेची आठवण येत नाही. घासल्याचं गढूळ पाणीही खाडीत जाऊ देत नाही. खाली ताडपत्री, गाळ वेगळा. याच खाडीतले मासे आम्ही खातो.

आणि कोकणातली खरी अडचण हवामानाची. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटीही मे अखेरीला वर ओढलेल्या. मालक मोकळा तेव्हाच, आणि पेंटसाठी सगळ्यात वाईट दिवस तेच. होडीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव बनतं त्या, तापमानापेक्षा किमान तीन अंश गरम हवा, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. मालवणात आषाढात हे गणित क्वचितच जुळतं. हार्डनरला ओलावा मिळाला की बुडबुडे येतात, चकाकी मरते. घासकाम आणि बफिंग मात्र छपराखाली भर पावसात करता येतं. म्हणून पावसाळ्यात आम्ही मूळ तकाकी आणण्याची कामं घेतो, रंगाच्या होड्यांना ऑक्टोबरनंतरची तारीख देतो. त्यापायी काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. तारीख आम्ही बदलली नाही.

पाण्याखालच्या भागाचा हिशेब वेगळा. रोज वाळूवर ओढली जाणारी होडी पठाणाखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली, झिजते. तिथे ना पॉलिश ना रंग, नवी मॅट आणि जेलकोट. कायम पाण्यात असणाऱ्या बोटीला फोड येतात, फोडला तर व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघतं. ते उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच इपॉक्सीचे थर द्यावे लागतात. तेही पावसात होत नाही.

खर्चाचं सांगायचं तर आमच्याकडे पूर्ण रंग हा घासकामाच्या दुपटीच्या पुढे जातो. म्हणजे रंग मारला तर कमाई आमची जास्त. पण एकदा पेंट चढला की ती होडी कायमची पेंटची. दगडावर घासली की खालचा वेगळा रंग दिसतो, आणि काही वर्षांनी पुन्हा रंग आलाच. जेलकोट खरचटला तरी खालीही तोच रंग असतो. पण घासण्यालाही मर्यादा आहे, अर्धा मिलिमीटर कितीदा घासणार? ज्यांना सगळ्या बोटी एकाच रंगाच्या हव्यात त्यांचा प्रश्नच नाही, रंग बदलायचा तर रंगच मारावा लागतो. ती कामंही आम्ही आवडीने करतो.

अलीकडे प्रत्येक होडीसोबत एक कार्ड देतो. किती नंबरचा पेपर मारला, जेलकोट कुठे पातळ वाटला, रंग कोणत्या प्रमाणात कालवला, दुरुस्ती कशाने केली, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. उद्या काम दुसऱ्या कारागिराकडे गेलं तरी त्याला अंधारात चाचपडावं लागू नये. मागच्या बाजूला मालकासाठी सूचना : फेरी संपली की गोड्या पाण्याने धुवा, उभी असताना झाकून ठेवा, वॅक्स वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि होळीच्या सुमारास. पाण्याचे थेंब उभे राहायचे थांबले तर तारखेची वाट न बघता होडी घेऊन या.