देइगो म्हणजे काय?

मी पुण्यात जपानी-मराठी भाषांतरं करते. बहुतेक मशीनची मॅन्युअलं. एका फेब्रुवारीत जपानीच्या एका वर्गाकडून वेगळंच काम आलं. काझुफुमी मियाझावा या गायकाचा परिचय आणि त्याच्या ‘शिमा उता’ या गाण्याचा भावार्थ. म्हटलं, जेवणापर्यंत उरकेल.

परिचय भराभर झाला. ‘द बूम’ बँडचा गायक, गाणं १९९२ चं, पुढच्या वर्षी निघालेल्या सिंगलच्या पंधरा लाखांवर प्रती खपल्या. मग गडी ब्राझीलच्या नादी लागला. १९९४ च्या अल्बमचं नावच ‘क्योकुतो सांबा’, म्हणजे अतिपूर्वेचा सांबा.

गाणं मात्र पहिल्याच शब्दाला अडलं. देइगो फुलतो आणि वादळ येतं. कसलं झाड हे? मी ‘लाल फुलं’ लिहून मोकळी झाले होते. आई चहा ठेवायला आली, स्क्रीनवरचा फोटो बघून म्हणाली, “अगं, हा पांगारा! आपल्याकडे मिऱ्याचे वेल चढवायचे ना याच्यावर.” शास्त्रीय नाव ताडून पाहिलं. तोच.

पुढे ‘उजी’. जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांच्या बोलीत ऊस. उसाच्या फडात भेट आणि उसाखाली निरोप. खाली कसा? दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत लोक जमिनीखालच्या गुहांत लपले होते, आणि तिथेच मेले. त्यातून वाचलेल्या एका बाईंकडून ऐकून मियाझावाने हे लिहिलं. तो स्वतः ओकिनावाचा नव्हे, मुख्य जपानातल्या यामानाशीचा. या दोन ओळींत त्याने मुद्दाम ओकिनावाचे सूर सोडले, कारण हे मरण मुख्य जपानने लादलेलं. मी पेटी काढली. एरवी सा ग म प नि, आपल्या तिलंगाच्या आरोहासारखं. इथे वर्ज्य स्वर शिरतात. तासभर तेच वाजवत बसले. जेवण राहिलं.

हेच गाणं २००१ मध्ये अर्जेंटिनाच्या आल्फ्रेदो कासेरो या विनोदी नटाने चक्क जपानीत गायलं, आणि २००२ च्या वर्ल्डकपला ते तिथल्या फुटबॉल संघाचं गाणं झालं. अर्जेंटिनाचं राष्ट्रीय फूल सेइबो. तोही पांगाऱ्याचाच भाऊबंद. हे वाक्य मी परिचयात घुसडलंच, कोणी मागितलं नव्हतं तरी.

संध्याकाळी फाइल पाठवली. दहा मिनिटांत वर्गाच्या बाईंचा फोन.

“छान झालंय हो. पण देइगो मुलांना माहितेय. पांगारा म्हणजे काय?”

म्हटलं, “सध्या फुललेला असेल. सकाळी फिरायला जाल तेव्हा जरा वर बघा.”