दोन्ही डिस्क ठणठणीत, डेटा मात्र वेगवेगळा

सर्व्हर बूटच झाला नाही, तर मला फारशी धास्ती वाटत नाही. व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएम या लिनक्सच्या साठवण-व्यवस्थेने एकत्र बांधलेला डिस्कचा गट) सापडत नाही असा संदेश आला की निदान सगळ्यांचे हात थांबतात. खरी भीती वाटते ती लॉजिकल व्हॉल्यूम (त्या गटातून काढलेला, डेटा ठेवायचा भाग) चुकीच्या जागी सापडतो आणि काम सुरळीत चालू राहतं तेव्हा.

सांगलीतल्या एका छापखान्याचे संगणक मी बघतो. तिथे डीटीपी करणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, "दादा, काल केलेली दुरुस्ती आज गायब आहे. शेजारच्या फोल्डरमधली मात्र आहे." एमडीस्टॅट (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) पाहिलं तर रेड-१ ॲरे (एकच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवणारी जोडी) चालू, दोन्ही डिस्कसमोर 'यू', म्हणजे ठीक. लिनक्समध्ये रेड चालवतो तो एमडी, आणि त्याला सांभाळायचं साधन म्हणजे एमडीएडीएम; त्याच्या एक्झामिनमध्ये दोन्हींचा इव्हेंट्सचा (ॲरेतल्या बदलांच्या मोजणीचा) आकडा सारखा. सगळं आलबेल! कर्नलच्या लॉगमध्ये मात्र ईएक्सटी४ फाइलसिस्टमच्या तक्रारींची रांग लागली होती.

उलगडा जुन्या लॉगमध्ये झाला. आधी सिस्टमची डिस्क गेली होती आणि कुणीतरी नव्या एसएसडीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं होतं. त्यात एलव्हीएम होतं, एमडीएडीएम नव्हतं. डेटाचा ॲरे जुना, ०.९० मेटाडेटाचा. या प्रकारात (आणि १.० मध्येही) रेडचा सुपरब्लॉक (ॲरेची स्वतःबद्दलची नोंद, म्हणजेच मेटाडेटा) डिस्कच्या शेवटी असतो. त्यामुळे ॲरेची सुरुवात तीच प्रत्येक डिस्कची सुरुवात. एलव्हीएम आपलं लेबल पहिल्या चार सेक्टरांत शोधतं, ते त्याला सुट्या डिस्कवरही मिळतं. एक डिस्क जरा आधी जागी झाली, एलव्हीएमने तिलाच फिजिकल व्हॉल्यूम (पीव्ही, म्हणजे गटातलं साठवणीचं उपकरण) मानून व्हॉल्यूम चालू केला. दुसरी आल्यावर डुप्लिकेट पीव्हीचा इशारा लॉगमध्ये पडला, पण तो वाचणार कोण?

मग छापखान्याचं सगळं काम एकाच डिस्कवर साठत गेलं. हे लेखन एमडीला वगळून झालं, म्हणून इव्हेंट्सचा आकडा हललाच नाही. पुढे कुणीतरी एमडीएडीएम बसवलं, मशीन रीबूट केलं आणि एमडीने दोन्ही डिस्क जुळलेल्या समजून ॲरे जोडला. रेड-१ मध्ये वाचन कधी या डिस्कवरून होतं, कधी त्या. ताईंची दुरुस्ती म्हणूनच लपाछपी खेळत होती.

अशा वेळी एमडीच्या सिंक ॲक्शनला (प्रती तपासण्या-जुळवण्याच्या सेटिंगला) 'रिपेअर' सांगायचा मोह होतो. कृपा करून तो आवरा. रेड-१ मध्ये कोणती प्रत खरी हे एमडीला कळत नाही. तो एक प्रत उचलून दुसरीवर लिहितो, आणि उचललेली प्रतच शिळी असू शकते.

मी आधी माउंट काढला, व्हॉल्यूम ग्रुप बंद केला, ॲरे थांबवला आणि दोन्ही डिस्कच्या पूर्ण प्रती बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. व्हॉल्यूम कोणत्या डिस्कवरून चालला होता हे इशाऱ्याच्या ओळीतच लिहिलेलं असतं. खात्रीसाठी त्या प्रती केवळ-वाचनावर उघडून अलीकडच्या फाइली ताईंना दाखवल्या. मग ताज्या डिस्कवर एकट्यानेच ॲरे चालवून एफएससीके (फाइलसिस्टमची तपासणी-दुरुस्ती) केलं. ॲरे जोडल्यानंतरचं लेखन दोन्हीकडे गेलेलं असल्यामुळे थोडी पडझड तिच्यावरही होती. काही फाइली लॉस्ट अँड फाउंडमधून (एफएससीके सुट्या पडलेल्या फाइली टाकतं तो फोल्डर) उचलाव्या लागल्या.

शिळ्या डिस्कचा सुपरब्लॉक पुसला. तिला जुन्या ॲरेत परत न घेता तिच्यावर १.२ मेटाडेटाचा नवा, एक जागा रिकामी असलेला ॲरे केला. तो व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घेतला, पीव्हीमूव्हने डेटा सरकवला, जुना ॲरे ग्रुपमधून काढला आणि त्याची डिस्क पुसून नव्यात जोडली. १.२ मध्ये सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर असतो आणि डेटा त्याच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे सुटी डिस्क एलव्हीएमला फिजिकल व्हॉल्यूम वाटत नाही.

जुने ॲरे बदलणं शक्य नसेल, तर एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये एमडी कॉम्पोनंट चेक्स 'फुल' करा, म्हणजे ते प्रत्येक डिस्कचं शेपूटही तपासतं. ग्लोबल फिल्टरमध्ये सुट्या डिस्क नाकारून फक्त एमडीची उपकरणं ठेवा, आणि बदलानंतर इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम) नव्याने बांधा.

डेबियनमध्ये एमडीएडीएम असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरेची तपासणी आपोआप होते. त्यानंतर मिसमॅच काउंट (दोन प्रतींत न जुळलेल्या सेक्टरांचा आकडा) बघत चला. रेड-१ वर स्वॅप असेल तर थोडा आकडा निर्दोषही असतो. निव्वळ डेटाच्या ॲरेवर मोठा आकडा दिसला, तर आधी लेखन थांबवा आणि मग लॉग उघडा.