दोन्हीकडे 12 व्होल्ट, तरी दिवा बंद

दहावीच्या मुलांना इलेक्ट्रिशियनच्या कामाबद्दल आणि अप्रेंटिसशिपबद्दल सांगायला मला एका शाळेत बोलावलं होतं. नुसतं बोलण्यापेक्षा काहीतरी हातात द्यावं म्हणून प्लायच्या बोर्डावर 12 व्होल्टची बॅटरी, फ्यूज, बटण आणि दिवा जोडून नेला. बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर पट्टीखाली मुद्दाम तोडून ठेवली होती.

"दिवा लागत नाही. शोधा."

बल्ब बदलून झाला, फ्यूजही. मग एका मुलीने मीटर मागितला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरून तिने लाल पिन होल्डरच्या एका टोकाला लावली. 12. दुसऱ्या टोकाला लावली, तिथेही 12.

"सर, दोन्हीकडे करंट आहे, मग दिवा का लागत नाही?"

मी म्हटलं, मीटर करंट नाही, व्होल्टेज दाखवतोय. तिने थोडा विचार केला. "म्हणजे या दोन टोकांमध्ये मोजलं तर शून्य येईल?" मोजलं, शून्यच आलं. परतीची वाट तुटली की प्रवाह थांबतो, पण दिव्याच्या तारेतून व्होल्टेज पलीकडच्या टोकापर्यंत पोचलेलं असतं. तुटलेली वायर तिने लगेच शोधली.

मग मी वर्गाला सांगितलं, घरात न्यूट्रल (परतीची वायर) तुटला की हेच होतं, फक्त तिथे व्होल्टेज जीव घेण्याइतकं असतं. दिवा विझलेला पाहून माणूस सप्लाय नाही असं समजतो आणि न्यूट्रलच्या टोकाला हात लावतो. माणसाच्या संरक्षणासाठी बसवलेला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच, साधारणपणे 30 मिलिअँपिअरच्या गळतीपर्यंत ट्रिप व्हायला हवा, कारण तेवढा प्रवाहही हृदयाचे ठोके बिघडवू शकतो. म्हणून सप्लाय बंद केल्यावरही तपासायचं: मीटर आधी दुसरीकडच्या चालू सप्लायवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर. मीटरच मधे बिघडला असेल तर तो शेवटच्या तपासणीत कळतो.

ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली रोज काम करताना ती अंगात मुरते, आणि अप्रेंटिसशिप त्यासाठीच असते. थिअरीचे वर्ग असतात, कामाची नोंदवही असते आणि शिकताना विद्यावेतनही मिळतं. पुढे घरांचं वायरिंग, कारखान्यातली पॅनेल आणि मोटारी, लिफ्ट, सोलर, ज्याला जे जमेल ते.

एक शिक्षक म्हणाले, "अभ्यासात मागे असलेल्यांना चांगला मार्ग आहे." मला ते पटलं नाही आणि मी तसं तिथेच, मुलांसमोर सांगितलं. ड्रॉइंग वाचायचं, लोडवरून केबलचा साईज काढायचा, फॉल्ट शोधताना अंदाज न लावता एकेक शक्यता बाद करत जायची, याला चांगलंच डोकं लागतं. त्या मुलीने आत्ता तेच केलं होतं.

निघताना तिने विचारलं, "सुरुवातीला काय काम देतात?"

मी सांगितलं, पाइपमधून वायर ओढणं, वायरींना नंबर लावणं, सामान आणून देणं. कंटाळा येईल, पण आपण ओढलेली वायर कुठून कुठे गेली ते रोज वहीत काढत जा.

"आणि मीटर कधी हातात देतात?"

"मागितलास तर पहिल्याच आठवड्यात. वस्ताद शेजारी उभा असताना."