अक्षराला लाख मोजणारा राजा

'कुठे राजा भोज नि कुठे गंगू तेली' यापलीकडे आपली भोजाशी ओळख नसते. मला तो सापडला आजोबांच्या कपाटातल्या बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त, म्हणजे भोजाच्या गोष्टींच्या संस्कृत पुस्तकात. बल्लाळ भोजानंतर काही शतकांनी झालेला, आणि त्याला इतिहासाची अजिबात तमा नाही. अकराव्या शतकातल्या धारच्या दरबारात त्यानं कालिदास, बाण, भवभूती असे कितीतरी आधी होऊन गेलेले सगळे एकाच पंगतीला बसवलेत!

सुरुवातीची गोष्ट मात्र काय जमलीय. काका मुंज गादीच्या लोभानं पोरक्या भोजाला रानात नेऊन मारायचं काम वत्सराजावर सोपवतो. पोरगा वडाच्या पानावर रक्तानं श्लोक लिहून देतो: मांधाता गेला, सेतू बांधणारा राम गेला, युधिष्ठिरही गेला. पृथ्वी कुणाबरोबर गेली नाही. मुंजा, तुझ्याबरोबर मात्र नक्की येईल! असला टोमणा वाचून काका कोसळतो. वत्सराजानं भोजाला लपवून ठेवलंय म्हणून बरं.

प्रत्यक्षात मुंजानंतर गादीवर बसला तो भोजाचा बाप, सिंधुराज. म्हणजे पोरकेपण वगैरे सगळं रचलेलं. खुद्द भोजाच्या नावावर काव्यशास्त्रावरचा 'शृंगारप्रकाश', वास्तुशास्त्रावरचा 'समरांगणसूत्रधार' असे भारदस्त ग्रंथ आहेत. ते अभ्यासक सोडून कोण उघडतो? आणि बल्लाळाच्या गोष्टींतला, कवितेच्या एकेका अक्षराला लाख मोजणारा राजा कवींना नाही सुचणार तर कुणाला?