तबकडीची बैठक

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची माडी लाकडी आहे. सागाच्या तुळयांवर फळ्या ठोकून केलेल्या त्या जमिनीवर कोणी चालले, की कपाटाच्या काचा किणकिणतात आणि गाण्याच्या तबकड्या वाजवणाऱ्या टर्नटेबलची सुई खोबणीतून उडून दोन ओळी पुढे जाऊन पडते. वर येणाऱ्याने हलक्या पावलांनी यावे, असा नियम मी करून पाहिला. पण जी बाई या घरात पंचेचाळीस वर्षे आपल्या चालीने चालली, ती मुलाच्या यंत्राकरिता चाल बदलणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले. तेव्हा बदलायचे ते यंत्राखालचे स्टँडच.

ते स्टँड म्हणजे दुकानातून आणलेली, चाकांची आणि काचेच्या कप्प्यांची ट्रॉली होती. दिसायला ती देखणी होती, आणि तिच्याविषयी सांगण्याजोगे चांगले तेवढेच. वर टर्नटेबल, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही बाजूंना स्पीकर अशी मांडणी करून मी एकाच वेळी सगळ्या चुका केल्या होत्या. तबकडीच्या खोबणीतली बारीक वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या मापाची असतात आणि माझ्या सुईचा त्यांवरचा भार पावणेदोन ग्रॅम, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याच्या वजनाहूनही कमी असतो. या सुईला सतारीची मींड आणि आईचे पाऊल यांतला भेद कळत नाही. जे हलेल ते सारे तिच्या लेखी संगीतच. त्यातून सुई धरणाऱ्या दांड्याचा स्वतःचा एक डोल असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ हेलकाव्यांचा, आणि जमिनीचे थरथरणे त्या मापाच्या आसपास आले की दांडा झुलू लागतो. स्पीकर त्याच फळीवर असतील तर त्यांची थरथर सुईत शिरते, अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते आणि आवाज थोडा वाढवला की खोलीभर एक लांबलचक हंबरडा फुटतो. स्पीकर वेगळे करताच तो थांबला; पावलांचा प्रश्न मात्र उरला.

त्याचे निम्मे उत्तर घरानेच दिले. तुळई मधोमध सर्वांत जास्त लवते आणि जिथे तिचे टोक भिंतीत रुतलेले असते तिथे जवळजवळ लवतच नाही. टर्नटेबल आजवर खोलीच्या मधल्या पट्ट्यात होते, कारण तिथून ते पाहुण्यांना दिसत असे. ते तुळयांच्या टोकांवर, जाड भिंतीला लागून नेल्याबरोबर सुईचे उडणे बरेच कमी झाले. पाहुण्यांना दिसणे हा स्टँडचा गुण नव्हे, हे कळायला मला एवढे दिवस लागले.

लाकडासाठी लकडगंजात गेलो. आमच्याकडच्या सागवानाला व्यापारी अजून ‘सीपी टीक’, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग, म्हणतात. मध्य प्रांत गेला, त्याचे लाकूड नावानिशी राहिले. मी मात्र पाडलेल्या घराचे जुने सागवान घेतले. नागपूरचा उन्हाळा ओल्या लाकडाला वर्षभरात पीळ घालतो, आणि ज्याने असे पन्नास-साठ उन्हाळे आधीच काढले आहेत त्याला नवे काही शिकवावे लागत नाही. सुताराने माझे चित्र उलटसुलट पाहिले आणि विचारले, “सर, देव बसवून राहिले का याच्यावर?” पाय तीनच हवेत, असे मी म्हणालो तेव्हा तर तो रंधा खाली ठेवून हसला. “तीन पायांवर घागर ठेवतेत सर, मशीन नाही.”

ती कल्पना मला घागरीवरूनच सुचली होती. आमच्या स्वयंपाकघरात आजीच्या काळची तिवई आहे आणि खालची जमीन कशीही असली तरी ती डगमगत नाही. तीन टोके कुठेही टेकतातच, चौथा पाय आला की त्याच्याखाली कागदाची घडी आली. सुताराची शंकाही खोटी नव्हती, कारण तिवईच्या कोपऱ्यावर भार पडला तर ती कलंडते. म्हणून दोन पाय पुढे, चांगले फाकवून, आणि एक मागे भिंतीशी, अशी तडजोड झाली. वरच्या चौकटीत रबराचे तीन तुकडे आणि त्यांवर जुन्या ओट्याचा कडप्पा बसवला. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि इंचभर जाड असा तो दगड अठरा-एकोणीस किलोंचा आहे. जे जड ते सहजी हलत नाही. नुसता कडप्पा बोटाने वाजवला तर टणत्कार देतो, रबरावर ठेवला की मुका होतो. पाणसळ लावून तो सपाट केला, तेव्हा सुतार गंभीर झाला होता आणि शेवटचा केसभर फरक त्यानेच काढला.

स्पीकरसाठी लोखंडी चौकोनी नळ्यांचे स्टँड करून घेतले आणि आत कन्हान नदीची वाळू भरली, म्हणजे नळी स्वतः वाजत नाही. वाळू आधी गच्चीवर आठवडाभर वाळवली, नाहीतर नळी आतून गंजली असती. उंचीबाबत मात्र छापील सल्ला बाजूला ठेवावा लागला. स्पीकरचा वरचा लहान शंकू कानाच्या पातळीत हवा, हे खरे. पण तो सल्ला सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतो. आम्ही गादीवर मांडी घालून ऐकतो, म्हणून स्टँड वीतभर आखूड झाले.

अ‍ॅम्प्लिफायर खालच्या फळीवर, वर हातभर जागा सोडून ठेवला आहे; मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्याला कोंडणे हा छळ झाला. कूलरची थरथर आता सुईपर्यंत पोचत नाही, पण त्याची घरघर कानापर्यंत पोचते, आणि तिला कोणत्याही सुताराकडे उपाय नाही. म्हणून तबकडीची एक बाजू, वीस-बावीस मिनिटे, मी कूलर बंद ठेवतो. परवा दुपारी असाच घाम पुसत बसलो होतो, तेव्हा आई धाडधाड जिना चढून आली. “कूलर कशाला बंद केला रे?” म्हणत ती खोली ओलांडून खिडकीपाशी गेली. सुई जागची हलली नाही. आईने बटण दाबले आणि उरलेले गाणे आम्ही दोघांनी कूलरच्या घरघरीत ऐकले.